रिकाम्या तोंडाची चढाई

चहाच्या आधी बिडी. चहाच्या नंतर बिडी. विझलेलं थोटूक कानामागे. बोलण्याआधी खोकला, तोही ऐटीत, माईक तपासल्यासारखा. बदलापूर गावात हिरामणच्या ओटीवरच्या खोलीत भाड्याने आलेल्या मधूने पहिल्याच आठवड्यात घरमालकाच्या एवढ्या सवयी टिपल्या. मराठीतला पदवीधर; दुसरं काय करणार?

हिरामण अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. एके काळी गावच्या कबड्डी संघाचा वाघ. चैत्रातल्या जत्रेत लग्नवाले विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना होई. सत्त्याऐंशीला चढाईत त्याला अशी ढास लागली, की पोरांनी त्याला पकडलंच नाही. खांद्यावर घेऊन परत आणून दिलं.

हे त्याला फार झोंबलं.

"पुढल्या वर्षी एक चढाई पुरी करीन," तो म्हणाला. "नायतर लंगोट विठाला देईन, पोतेरं करायला."

त्याने बिडी सोडली. म्हणजे बायकोने, विठाने सोडवली. भाजलेला ओवा आणि बडीशेप त्याच्या खिशात भरली. सकाळी आवळा. तलफ आली की पाणी, घोट घोट. पहाटे उल्हास नदीच्या काठाने चालायचं, नाकाने लांब श्वास घ्यायचा. सुरुवातीला तो सगळ्यांवर खेकसे.

"तुझं मांजर माझ्याकडं बघून हसतंय," एकदा मधूला म्हणाला.

मधूकडे मांजर नव्हतं.

तोंडाला चाळा हवा म्हणून विठाने ज्येष्ठमधाची काडी दिली. ती मात्र चिकटली. काडी चघळत तो धावे, काडी चघळतच कबड्डी-कबड्डी घुमवी.

जत्रा आली. हिरामण उतरला. भगवंतला शिवला, किसनला शिवला, गिरकी घेऊन परत आला. श्वास एकच. माणसं उठून उभी राहिली.

पंच आण्णांनी शिट्टी फुंकली. "बाद!"

"का?"

"शब्द नीट उमटला नाय. तोंडात काय हाय तुझ्या?"

हिरामणने काडी काढून दाखवली. मैदान हसून लोळलं.

"आण्णा, औषध हाय रं ते!"

"मग दवाखान्यात खेळ."

कडेला विठा उभी होती. "शब्द जाऊ दे," ती म्हणाली. "ढास लागली का एकदा तरी?"

नव्हती लागली. हिरामण खुशीत हसला. पण बाद तो बादच. आता पुढल्या जत्रेत रिकाम्या तोंडाने चढाई करायची.

दुसऱ्या दिवसापासून नदीकाठी सराव. शंकराच्या देवळापासून पिंपळाच्या पारापर्यंत एका श्वासात जायचं. श्वास सुटेल तिथे दगडावर चुन्याची खूण. खुणा पुढे सरकत होत्या. संध्याकाळी मधूला तो त्यांची वाटचाल सांगे, लेकीच्या अभ्यासाची सांगावी तशी.

वैशाखात एका दुपारी जेवून तो आडवा झाला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मधू खोलीत नुसता बसून राहिला. शेवटी विठानेच त्याला हाक मारली. "भावजी, दोन घास खा."

तेराव्यानंतर मधू नदीवर गेला. देवळापासून खुणा बघत चालत राहिला. शेवटची खूण पाराच्या अलीकडे होती. तिथून पारापर्यंत तीन-चार ढांगा उरल्या होत्या.