चाळिसाव्या शतकाच्या पलटणीतला तेंदूपत्ता

अन्याय झाला देवाजीभाऊ आणि सुमनबाईंवर. पोळ्याच्या आदल्या गुरुवारी, दुपारी दोन ते साडेपाच या वेळात, सिंदेवाहीतल्या आमच्या छापखान्यात. वेळ आणि जागा मुद्दाम लिहिते, कारण 'चुकून झालं' म्हणून विषय मिटवायची इथे सगळ्यांना सवय आहे.

मी तिथे डीटीपी ऑपरेटर आहे. वनहक्क, बंद पडलेली शाळा, न आलेला रस्ता, सगळी पत्रकं मीच लिहिते आणि मीच जुळवते. 'जाहीर निषेध' मी कीबोर्डकडे न बघता टाइप करते.

त्या दिवशी कॉम्प्युटरवर होती 'चाळिसाव्या शतकाची पलटण'. आमच्याच छापखान्यात पूर्वी छापलेली, दोन रंगांची कॉमिक्स. मी चौथीत असताना मार्कंड्याच्या जत्रेत आई बांगड्या बघायची आणि मी चटईवर मांडलेल्या पलटणीपाशी बसून राहायचे. पलटणीत सात जण. दूरकान एटापल्लीत बसून चंद्रावरची कुजबुज ऐकायचा. बीजा मूठ उघडायची आणि उजाड ग्रहावर साग उभा राहायचा. दोन हजार वर्षांनंतरच्या जगात आमचा मुलूख असेल, हे मला त्या कॉमिक्सनी सांगितलं. शाळेच्या पुस्तकात तर तो आजच्या जगातही नव्हता.

ही चित्रं देवाजीभाऊंची. हिवाळ्यात ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि पावसाळ्यात पलटण काढायचे.

यंदा नागपूरच्या एका प्रकाशकाने सगळे अंक एका पुस्तकात काढायचं ठरवलं. मूळ चित्रं उरली नव्हती. मी जपलेल्या अंकांवरून स्कॅन घेतले. जुन्या कागदाचा पिवळेपणा, बुरशी, सगळं स्कॅनमध्ये उतरतं. ते पुसायच्या कामाला आम्ही क्लीनअप म्हणतो. प्रत्येक पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका होता. मला वाटलं, गठ्ठ्याला एका बाजूने ओल लागली असेल. सगळ्या पानांवर तोच कोपरा एकदम निवडला आणि पुसून टाकला. पानं दुधासारखी पांढरी झाली. मी खूश.

पुस्तक छापून झालं. आत प्रकाशकाचं नाव, छापखान्याचं नाव. चित्रकाराचं कुठेच नाही. माझं डोकं फिरलं. 'चित्रकाराचं नाव गिळणाऱ्यांचा जाहीर निषेध!' असं पत्रक काढलं आणि सहीसाठी देवाजीभाऊंच्या घरी गेले.

त्यांनी ते शांतपणे वाचलं. "झकास लिवतेस वो पोरी. पन नाव तं तवाही नवतं."

मग पुस्तक उघडलं. एकेका पानाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत गेले. अर्ध्यात थांबले.

"माहा तेंदूपत्ता कुठी गेला?"

"कोणता तेंदूपत्ता, भाऊ?"

त्यांनी पेटीतून जुना अंक काढला, भिंग दिलं. माझा तपकिरी ठिपका. त्याला देठ होता, शिरा होत्या.

"तवाचा मालक म्हने, नाव टाकाचं नाई. सुमन म्हने, मंग माहा पत्ता टाका. पयल्या रंगाचे डबे तिनंच आनले, बिडीचा तेंदूपत्ता तोडाच्या मजुरीतून."

सुमनबाई त्यांच्या पत्नी. त्या जाऊन चार वर्षं झाली.

"मले वाटलं, डाग होय," मी म्हणाले.

"डाग?" भाऊ हसले. "सुमन असती तं तुले झाडूनं हानलं असतं." मग पत्रक माझ्या हातात परत दिलं. "आता याच्यात कोनाचं नाव टाकतेस?"

मी तशीच छापखान्यात गेले. मालक विलासभाऊंना म्हणाले, "पुस्तक परत छापा."

"काऊन? गठ्ठे चंद्रपूरले गेले, एटापल्लीच्या शाळाइले गेले. आता कागद कुठून आनू? तुह्या निषेधाचा?"

प्रकाशकाला फोन केला. पुढच्या आवृत्तीत नाव टाकू, म्हणाले. पुढची आवृत्ती केव्हा, ते सांगितलं नाही.

गोदामात काही प्रती उरल्या होत्या. देवाजीभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच छापखान्यात येऊन बसले आणि तपकिरी पेनने पानापानावर तेंदूपत्ता काढू लागले. तिसरी प्रत अर्धी झाली. पेन माझ्याकडे सरकवलं.

"तूनं पुसला, तूच काड."

माझा पहिला पत्ता वांग्यासारखा आला. "चालते," भाऊ म्हणाले, "सुमनलेही नीट जमत नवता."

छापण्याआधी तपासायला जी प्रत काढतात ती प्रूफ. ती आम्ही प्रकाशकाला दाखवली, चित्रकाराला नाही. मी अख्ख्या जिल्ह्याला जाब विचारत फिरते, पण सायकलवर दहा मिनिटांवरच्या घरी प्रूफ घेऊन गेले नाही. डाग कोणाचा, हे पुसण्याआधी विचारायचं असतं.

आता तुम्ही. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत हे पुस्तक असेल तर काढा. खालचा उजवा कोपरा बघा. कोरा असेल तर तपकिरी पेन घ्या आणि प्रत्येक पानावर नखाएवढा तेंदूपत्ता काढा. पहिल्या पानावर दोन नावं लिहा : देवाजी आणि सुमन. पुस्तक खराब होईल म्हणून थांबू नका. ते मी आधीच करून ठेवलं आहे.