वहिनींची पॉइंट टू-टू

जिन्यावरून पडून शिंपीणबाईंचा उजवा खांदा एकदा निखळला होता, तरी त्यांना नेमबाजी शिकायची होतीच. धाकट्या दिरांनी क्लबात त्यांच्या हाती आपली मोठ्या गोळीची रायफल दिली. पहिल्याच बाराला दस्त्याने खांद्याला असा दणका दिला, की बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"वहिनी, हे तुमचं काम नव्हे," दीर म्हणाले.

"रायफल बदलीन, पण नाद सोडणार नाही," म्हणत बाई तडक प्रशिक्षकांकडे गेल्या. प्रशिक्षकांनी लहान गोळीची पॉइंट टू-टू रायफल पुढे ठेवली. तिची गोळी करंगळीच्या पेराएवढी, धक्का जेमतेम, आणि मोठ्या एका गोळीच्या पैशांत हिच्या कितीतरी येत.

दीर हसले. "एवढ्याशा गोळीने काय होणार?"

"भाऊजी, मला कागदाला भोक पाडायचंय, भिंतीला नाही."

मग दर रविवारी बाई पन्नास गोळ्या झाडू लागल्या. सुईत दोरा ओवताना श्वास रोखायची सवय होतीच. आठ महिन्यांनी क्लबाच्या स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या, दिरांच्या चार गुण पुढे. दिरांनी निकालाचा फलक दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुमची रायफल जरा बघू?"