मास्तर ऑफ कॉमर्स

जूनचा दुसरा रविवार, लढाईचं तिसरं वर्ष. ठिकाण: अमरावती, आमच्या घरची ओसरी. हजर: आईवडलांच्या मागे आमचे पालक असलेले वलगावचे काका, अकोल्याचे मामा, नुकताच बी.कॉम. झालेला माझा धाकटा भाऊ आणि मी. गैरहजर: आमचे हे. कचेरीच्या कामानं तिवशाला गेले होते, निदान तसं सांगून गेले होते.

विषय एकच. भावानं नागपूरला आणखी दोन वर्षं एम.कॉम. करायचं, की मामा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या ज्या कापसाच्या आडतीत मुनीम आहेत तिथे त्यांनी मिळवलेली जागा धरायची. आडतवाल्याला सोमवारी उत्तर हवं होतं. नागपूरच्या फॉर्मवर काकांची सही लागणार होती. मी दोन्ही बाजूंचे मुद्दे कागदावर मांडले होते, कोणी कधी बोलायचं तेही ठरवलं होतं. चहा संपेपर्यंत एकानं पाळी पाळली असेल तर शपथ. मामा जागेविषयी बोलत होते, काका संत्र्याच्या बहाराविषयी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो चटईच्या काड्या उपटत बसला होता.

शेवटी मीच फॉर्म मोठ्यानं वाचला, 'मास्टर ऑफ कॉमर्स'. तिथेच चुकलं. पुढचा अर्धा तास शाळेवर गेला. बदली कुठे होईल, वलगावची शाळा मिळेल का, पोरं ऐकतील का. मामाही त्यात उतरले. मला वाटलं, दोघं थट्टा करताहेत.

"मास्तर व्हाले इतकं शिका लागते?" काका म्हणाले. "आपल्या गावचा मास्तर त सातवी पास हाये."

तेव्हा कुठे उलगडा झाला. हा मास्टर म्हणजे मास्तर नव्हे, ही पदवी आहे, असं मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला.

"बरं, मास्तर नाई होत," काका शांतपणे म्हणाले. "मंग काय होते थो?"

माझ्या कागदावर हा मुद्दाच नव्हता. सगळे भावाकडे पाहू लागलो.

"मले बी माईत नाई, काका. पण आडतीत बसलो त वीस वर्सांनी काय होईन ते माईत हाये. मामा होईन."

मामांनी पानाचा डबा मिटला. काकांनी फॉर्म ओढून मोडीत सही ठोकली, तीही विद्यार्थ्याच्या जागी. ती खोडून मी खाली दुसरी करून घेतली. मामा न जेवताच गाडीला निघाले. आडतवाल्याला मी सांगतो, एवढंच म्हणाले.

फॉर्म गेला, ट्रंक गेली, भाऊ गेला. त्या दिवसाच्या माझ्या कामांच्या यादीत शेवटची ओळ राहिली आहे, 'मामांना पत्र'. दर नव्या यादीत ती मी सगळ्यात आधी उतरवते. मायना लिहून झाला आहे.