कॉलेजांच्या यादीतला मानपान

यंदा जुलैमधल्या एका रविवारी आमच्या सदर भागातल्या फ्लॅटमध्ये कौटुंबिक बैठक भरली. विषय, माझ्या नातीचा म्हणजे रेवाचा इंजिनीअरिंगचा प्रवेश. प्रत्येकाला मत होतं... रेवालाही होतं, पण तिला ते कोणी विचारलं नव्हतं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची असतात आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. रेवाला सिव्हिल हवं होतं, तेही पुण्याच्या सरकारी कॉलेजात. मार्क मात्र काठावरचे... मिळालं तर मिळालं.

यादी संतुलित असावी, हे मला मान्य आहे. काही कॉलेजं स्वप्नातली, काही आवाक्यातली, एकदोन हमखास मिळणारी. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे वागले. मग क्रम लावायची वेळ आली... आणि माझ्या जावयाने, सुधीरने, ती यादी चक्क लग्नपत्रिकेसारखी लावली!

अतिशयोक्ती करत नाही. सगळ्यात वर सावनेरचे मोठेबाबा, म्हणजे सुधीरचे थोरले भाऊ. त्यांनी सुचवलेलं कळमेश्वर रोडवरचं कॉलेज, कॉम्प्युटर ब्रांच, एक नंबरला. थोरल्यांचा शब्द खाली कसा टाकायचा? दोन नंबरला रेवाच्या आत्याचं कॉलेज, कारण आत्या पटकन रुसते. मग मी सुचवलेलं अमरावतीचं सरकारी कॉलेज, कारण मी बोलते.

आणि पुणं? ते रेवाने स्वतः सुचवलेलं आणि ती घरात सगळ्यात लहान... म्हणून तळाला. पत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापतात ना, त्या जागी!

"आई, नावं सगळी आहेत ना? मग नंबर थोडे वरखाली झाले तर काय बिघडतं?" सुधीर म्हणाला. हा माणूस बँकेत ऑफिसर आहे. मी गप्प बसले, कारण जावई आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर पेपर हातात पडला की आधी सूचना वाचायला लावत, मगच पेनचं टोपण काढू देत. त्यामुळे बाकीचे सांबारवडीवर, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीवर, तुटून पडले तेव्हा मी मोबाइलवर माहितीपुस्तिका उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. यादी वरून खाली तपासतात, मार्कांत बसणारं पहिलं कॉलेज तुमचं. आणि पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं, तर तोच प्रवेश पक्का. पुढच्या फेऱ्या बंद!

मोठेबाबांचं कॉलेज वाईट नाही हो. पण तिथे रेवाला डोळे झाकून सीट मिळाली असती आणि खेळ तिथेच खलास. ना पुणं, ना सिव्हिल. मुलीची चार वर्षं आम्ही मानपानात वाटून टाकली असती...

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सुधीरने माझा मोबाइल घेऊन तेच पुन्हा वाचलं. आत्या कुजबुजली, "पण दादाला खाली टाकायचं म्हणजे..."

"कॉलेजला टाकायचंय, दादांना नाही!" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

रेवा आतल्या दारात उभी, डोळे भरलेले. आता मोठेबाबा उठून सावनेरची गाडी धरणार, अशी सगळ्यांची खात्री झाली.

मोठेबाबांनी प्लेट खाली ठेवली. "काहून रडून राहिली वं?" असं रेवाला म्हणाले आणि सुधीरकडे वळले. "अन् तू काय गजब करून राहिला गा? घरचा माणूस कधी पहिल्या पंगतीत बसते का? पाव्हणे जेवले, कोणी उपाशी नाही राहिलं, हे पाहून तो शेवटी बसते. माहं कॉलेज शेवटी टाक. कुठंच नाही मिळालं तं ते आहेच तिले!"

संतुलित यादीवर मी यूट्यूबवर तासन् तास व्हिडिओ पाहिले होते. त्यात हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"मग माझंही टाका खाली, मला काय त्याचं," आत्या लगेच म्हणाली... ज्या सुरात म्हणाली, त्यावरून तिला त्याचं बरंच काही होतं. पण तोवर रेवाने लॅपटॉप ओढून घेतला होता. पुणं वर, अमरावती त्याखाली, दोन्हीकडे सिव्हिल. आत्याचं मध्ये, मोठेबाबांचं अगदी शेवटी. मुदत संपायच्या आत फॉर्म गेला.

पुणं थोडक्यात हुकलं. अमरावतीला सिव्हिल मिळालं. ते कॉलेज मी सुचवलं होतं, हे मी कोणालाही ऐकवलं नाही... म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी.

परवा रेवाचा हॉस्टेलमधून फोन आला. मेसचं वरण पाणीदार, रूमला ऊन येत नाही, रूममेट घोरते... पाऊण तास नुसत्या तक्रारी. मी मध्ये एकदाही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल हे किती अवघड आहे. स्वतः निवडलेल्या जागेबद्दल कुरकुर करण्यात एक वेगळंच सुख असतं. ते माझ्या नातीला मिळालं... मोठेबाबा, त्यासाठी तुमचे मनापासून आभार.