विहिरीतून आलेली ओ

चहा गार झाला तर होऊ द्या, पण माझा हा गाढवपणा पूर्ण ऐका. फक्त शेवटचा भाग आमच्या हिच्या कानावर घालू नका, हात जोडतो!

दुष्काळाचं वर्ष. मुकुंदवाडीच्या पलीकडं आमची नवी कॉलनी. फ्लॅट चकाचक, नळ कोरडे. करमाडच्या एका विहिरीवरून सलीमभाई टँकर आणायचे, त्यावर अख्खी कॉलनी जगायची.

त्यात मला फोनवरच्या एका खेळाचं वेड लागलं. आपल्या भागातली माहिती लिहायची. तीन अनोळखी खेळाडूंनी 'खरं' दाबलं की ती पक्की! मग फोनमधला बोलणारा कॉम्प्युटर तीच माहिती सगळ्यांना सांगणार. कॉम्प्युटरला शहाणं करायचं काम, आणि ते कुणाकडं? माझ्याकडं!

माझ्याजवळची खरी माहिती आठवड्यात संपली. पण शहरात पहिला नंबर तर हवा होता. दिलं ठोकून: 'करमाडच्या त्या विहिरीत भर दुपारी डोकावू नये. आतून कुणीतरी ओ देतं.'

दहा मिनिटांत तिघांनी 'खरं' दाबलं.

अहो, थाप माझी, मग यांना कसं ठाऊक? अंगावर काटाच आला. तरी गुण मिळाले म्हणून गप्प बसलो.

चौथ्या दिवशी टँकर बंद. सलीमभाईंना फोन लावला.

"नको साहब! फोन को बावडी का हाल पूछा, तो उनेच बोला, अंदर कोई है. मेरे बच्चे छोटे हैं!"

घरात हंडाभर पाणी. ही म्हणाली, "खेळा अजून! उद्या त्या गुणांनीच आंघोळ करा."

माझी थाप मीच खोटी पाडतो म्हणून भर बाराला करमाड गाठलं. चिटपाखरू नाही. पाय घसरू नये म्हणून चपला काढल्या, वाकलो. उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना खाली नुसता काळोख.

"कुणी हाय का रं आत?"

"हाय की!"

जे पळालो, जे पळालो! तापल्या डांबरावरून, अनवाणी!

दोन दिवस तापानं फणफणलो. मग सलीमभाईंकडून कळलं, विहिरीचे मालक गाळ काढायला खाली उतरले होते. ओ देऊन वर आले, तर माणूस नाय, नुसत्या चपला! लई घाबरले बिचारे, विहिरीवर पत्रेच ठोकले.

परवा खेळात नवी माहिती दिसली: 'करमाडच्या विहिरीवर दुपारी हाक येते. वर यावं, तर फक्त चपला.' दोघांनी 'खरं' दाबलेलं. आता मला विचारत होतं, खरं की खोटं?

समोर ही रिकामी घागर घेऊन उभी. पण चपला तर माझ्याच होत्या ना! खोटं कसं म्हणू?

तिसरा मीच.