ओठांना लावायचं तूप

घाटाच्या पायऱ्यांवर झेंडूची फुलं साचतात, ती कोणी मुद्दाम साचवत नाही. पाणी सरकतं, फुलं राहतात. दवाखान्यातले किस्सेही तसेच. बनारसमध्ये मंगला गौरीच्या देवळाजवळ एका त्वचेच्या दवाखान्यात मी कामाला आहे. नंबर पुकारायचा, मॅडमनी लिहिलेली औषधं द्यायची, कशी लावायची ते समजावायचं. शाळा नववीत सुटली आणि चार लोकांत बोलायची मला लाज वाटते. पण खिडकीतून गंगा दिसते. दुपारी पेशंट नसले की नावा बघता बघता एकेक गोष्ट आपोआप वर येते.

* * *

पहिली माझीच. मुरुमांची औषधं देणाऱ्या माझ्याच तोंडावर मुरुमं होती! एक भाईसाहब मुलीला घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उठले.

"चलो बिटिया। यहाँ का तो स्टाफ ही ठीक नहीं हुआ!"

मॅडमनी आतून ऐकलं. मॅडम पुण्याच्या, लग्न करून बनारसला आलेल्या. त्यांनी मला बोलावून पेशंटच्या खुर्चीत बसवलं.

"आजपासून तूही पेशंट. माझा बोर्ड दारावर नाही रे, तुझ्या तोंडावर आहे!"

* * *

संकठा घाटाजवळ राहणाऱ्या एक काकू मुलीला घेऊन आल्या. मॅडमनी रात्री लावायचं क्रीम लिहून दिलं आणि बजावलं, "वाटाण्याएवढंच घ्यायचं हं."

आठवड्याने मुलगी आली ती लालबुंद, गालांचे पापुद्रे निघालेले.

"काकू, वाटाण्याएवढंच लावलंत ना?"

"अगदी वाटाण्याएवढं! एकेका मुरुमाला एकेक वाटाणा!"

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो, सगळ्या तोंडाला मिळून एक! तुम्ही तर पोरीची उसळ केलीत!"

* * *

विनायक रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकतो. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच मुखदुर्बळ. मंत्र म्हणायला बसला की मात्र आवाज असा लागतो, की खालून जाणारा नाववाला वल्हं थांबवतो.

तोंडावर तर होतीच, त्याच्या पाठीवरही मुरुमं होती. तिथे लावायला जेल दिलं आणि मी सांगितलं, "याने कपड्याचा रंग उडतो, पांढरंच काही वापर." तो विसरला. पूजेचं लाल रेशमी उपरणं तसंच पाठीवर घेतलं आणि त्यावर पांढरे ठिपके उमटले. गुरुजी संतापले. तेच उपरणं घेऊन तो गुरुजींबरोबर एका पूजेला गेला, तर यजमानीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "पंडितजी, ये बाँधनी कहाँ मिलती है?"

मी हसलो. विनायक हसला नाही.

"तुला सांगू? आमची परीक्षा आलीय. सगळ्या शास्त्रीमंडळींसमोर एकट्याने बसून म्हणायचं असतं. सगळे माझ्या तोंडाकडेच बघणार. मी नाही बसणार."

"आणि नाही बसलास तर?"

"तर घरी परत. बाबांनी सांगून ठेवलंय, मग दुकानात बस."

हे सांगताना त्याने हात गालावर ठेवला होता. 

* * *

मॅडमनी त्याचं रक्त तपासून मोठी कॅप्सूल सुरू केली. पुढे मलाही तीच दिली. या गोळीने आधी ओठ सुकतात, भेगा पडतात. मुरुमं जातात, पण सावकाश. सुरुवातीला कधी कधी वाढतातही. विनायकची वाढली.

"मॅडम, हे औषध आहे की शाप?"

"औषध आहे. शाप लगेच लागतो, याला वेळ लागतो!"

ओठांना लावायला मॅडमनी पेट्रोलियम जेलीची डबी दिली, ती त्याने परत केली. सोवळ्यात बाहेरचं काही चालत नाही. मॅडमनी ती डबी माझ्याकडे सरकवली. मग औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: घरचं साजूक तूप, ओठांना, वरचेवर.

औषधाच्या दुकानदाराने ती चिठ्ठी उलटीसुलटी बघितली आणि विचारलं, "कौन सी कंपनी का?"

* * *

दुकानात बसण्यापेक्षा परीक्षा बरी, म्हणून विनायक कसाबसा तयार झाला होता. परीक्षेच्या सकाळी मी रजा काढून गेलो. रामघाटावर धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हताच. पाठशाळेच्या अंगणात शास्त्रीमंडळी ओळीने बसलेली. विनायक सोवळं नेसून आला. गालांवरची मुरुमं अजून तशीच, लाल. तुपाची वाटी त्याने भिंतीवर ठेवली, पाय धुवायला वाकला, आणि वर बघतो तर भिंतीवर माकड! वाटी दोन्ही हातांत धरून डोळे मिटून चाटत होतं!

माझ्या खिशात जेलीची डबी होती. पण तो सोवळ्यात, मी ओवळ्यात. मी हात पुढे केला, त्याने मान हलवली. ओठ तर आत्ताच फुटलेले दिसत होते. तो दाराकडे बघू लागला. मला वाटलं, आता हा जाणार.

तेवढ्यात शास्त्रीमंडळींतून नाव पुकारलं. तो पुढे गेला आणि गालावर हात ठेवून, मान खाली घालून बसला. पहिला शब्द कसाबसा निघाला. दुसरा निघाला. मग त्याने हळूच मान वर केली.

सगळ्या शास्त्रीमंडळींचे डोळे मिटलेले होते.

ते ऐकत होते. त्याच्याकडे बघणारा त्या अंगणात मी एकटाच, आणि भिंतीवरचं माकड. विनायकने गालावरचा हात काढला. आवाज लागला. तो धुक्यातून नदीवर गेला, आणि खाली कुठेतरी वल्ह्याचा आवाज थांबला.

म्हणून झालं. मग सगळ्यांत म्हातारे शास्त्रीबुवा, डोळे मिटलेलेच ठेवून, म्हणाले,

"उत्तम. पण बाळा, तुझे ओठ फुटलेत. तूप लाव."