आटे झिजलेले हूक

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत कधी शिकवलं नाही, गॅरेजमध्ये शिकवतात. तेही फुकट आणि कुणी विचारलेलं नसताना! गाडी आत आली की हे बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबणार, सोडणार आणि बघत राहणार. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर ठीक. दोन-तीनदा डुलली की व्याख्यान सुरू. "स्प्रिंग भार झेलते. पण आवरणारं कुणी नसेल तर ती नाचतच सुटते. आवरायचं काम शॉकअपचं. तो मेला की चाक रस्ता सोडतं, मग ब्रेक दाबून काय उपयोग? आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. एक पाय धड आणि एक लंगडा, असं नाही चालत."

गिऱ्हाइकाच्या जिवाची केवढी ती काळजी! आणि स्वतःच्या? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढच्या चाकाचा शॉकअप स्प्रिंगच्या पोटात बसवलेला असतो, दोघांचा मिळून एक खांब. त्याला स्ट्रट म्हणतात. तो गाडीतून काढला तरी स्प्रिंग दबलेलीच असते. तिला आणखी आवळून धरल्याशिवाय वरचा नट सोडायचा नसतो, नाहीतर ती अशी उसळते की समोरच्याचं तोंड फोडेल. आवळायला आमच्याकडे लांब स्क्रूवर फिरवायचे दोन जुने हूक. यांच्या उस्तादांनी दिलेले, म्हणजे सोन्याहून पिवळे! आटे इतके गुळगुळीत झालेत की नखालासुद्धा लागत नाहीत. मी चार महिन्यांपूर्वी भांडभांड भांडून स्प्रिंग दाबून धरणारं उभं प्रेस आणलं, पुढे लोखंडी जाळी असलेलं. यांनी त्याच्यावर काय केलं माहितीये? बनियन वाळत घातलं!

"अहो, ते वापरा की," म्हटलं तर उत्तर काय? "ती नवशिक्यांची खेळणी. तीस वर्षं मी काय झक मारली?"

सोमवारी एका शाळेतल्या बाईंची गाडी आली. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळून गेलेले. दुपारी हे पहिला स्ट्रट मांडीपुढे घेऊन हूक आवळत बसले होते, नाक जवळजवळ स्प्रिंगला टेकवून. मी पलीकडे नटांचे डबे लावत होते. फाट्कन आवाज झाला. एक हूक निसटला, यांच्या कानाजवळून सणसणत गेला आणि शटरवर आदळला.

मी ओरडलेच. हे मात्र कान चोळत हसले. "वाचलो ना? आट्यांना जरा तेल लावतो, झालं." आणि खरोखर उठून हूक उचलून आणला आणि परत स्प्रिंगला अडकवला!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबे तिथेच टाकले, यांना खांद्याने बाजूला सारलं आणि यांच्या जागी मांडी घालून बसले. तोंड बरोबर स्प्रिंगच्या वर नेलं.

"हं. आवळा आता."

"अगं, वेडी झालीस का?"

"आवळा म्हणते ना! उस्तादांचे हूक आहेत, तीस वर्षांचा हात आहे. कशाला भिता?"

मला वाटलं चिडतील, निघून जातील. तसे हट्टी आहेत. पण त्यांनी पाना लावला. एक वळण दिलं. दुसरं दिलं. आटे करकरले. मी हलले नाही. तिसऱ्या वळणाला यांचा हात थांबला.

"ऊठ तिथून."

"का?"

"ऊठ म्हणतो ना!" लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतक्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

"तुम्ही तोंड घालता तेव्हा चालतं? तेव्हा मी पलीकडे काय दगड होऊन उभी असते?"

त्यांनी हूक सैल केले, खाली ठेवले. मग खालमानेने, मला जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "ते प्रेस चालवायचं कसं, मला येत नाही गं."

चार महिने! चार महिने हा माणूस मरायला तयार होता, पण एवढं एक वाक्य बोलायला नाही. कारण काय, तर अर्ध्या गावच्या मेकॅनिकांना शिकवणारा मास्तर! इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"मग बोलायचं होतंत ना! तो विकणारा समजावत होता तेव्हा पाठ फिरवून बसलात. मला येतं, मी शिकले त्याच्याकडून."

मी उठून प्रेस रिकामं केलं आणि स्ट्रट आत बसवून जाळी लावली. हे शेजारी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, पहिल्या दिवशी कामाला आल्यासारखे.

"आधी कुठला दांडा?" त्यांनी विचारलं.

"हा," मी म्हटलं. "आणि तोंड लांब ठेवा."